माईंनी दिलेलं सरबत

"गार्गी, तुझ्या आज्जीला सांग, ती पिशवी उचलू नका म्हणावं."

"आज्जी, माई म्हणतीय पिशवी उचलू नको."

"तुझ्या माईला म्हणावं, भुईला टेकलीया ती. झाडणारी बाई आली की फिनेलचं पाणी लागंल की त्याला."

"माई, आज्जी म्हणतीय फिनेल लागंल."

"लागू दे म्हणावं. पिशवी वर घेतली की लघवी उलटी आत जाते, डॉक्टरांनी घसा कोरडा करून सांगितलंय. कमी ऐकू येत असेल तर तसं सांगावं माणसानं."

गार्गीने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग मला विचारलं, "मम्मी, हे पण सांगू?"

"नको, एवढं राहू दे," मी म्हणाले आणि पिशवी खाटेच्या खालच्या दांड्याला पुन्हा नीट अडकवली. तळाला जरा जागा ठेवली, म्हणजे फिनेलचाही प्रश्न मिटला.

मिरजेच्या त्या दवाखान्यात आमची ही टेलिफोन लाईन दिवसभर अशी चालू असायची. एका बाजूला माझ्या सासूबाई, त्यांना सगळं घर माई म्हणायचं. दुसऱ्या बाजूला माझी आई. आणि मधे खाटेवर सहा वर्षांची गार्गी, पोटावर पट्टी, खालून नळी, नळीला पिशवी. दोघी विहिणी माझ्या लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण नव्हतं हं. भांडायला तरी तोंड उघडावं लागतं.

कारण सांगितलं तर हसाल. लग्नात विहिणीची पंगत बसली होती. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, सगळा थाट. आईने आग्रह करकरून वाढलं आणि नेमकं माईंच्या ताटात मीठ वाढायचं राहिलं. सगळ्यांच्या पानांत मीठ, विहिणीच्या ताटात नाही! माईंनी मागितलं नाही. भात, आमटी, भाजी, सगळं मुकाट जेवल्या, हात धुतला आणि तेव्हापासून माझ्या आईशी शब्द बंद. आईचं म्हणणं, "मागितलं असतं तर बरणी आणून ठेवली असती. तोंड हुतं की त्यांना." माईंचं म्हणणं, "मागून घ्यायचं असतं तर त्याला मान कशाला म्हणतात?" दोन्ही म्हणणी मला पाठ होती, कारण दोन्ही मलाच ऐकवली जायची.

तर अशा दोघींना एका खोलीत कोंडायची वेळ आणली गार्गीच्या आजारपणाने. पोरीची लघवी मूत्राशयातून उलटी वर किडनीकडे जायची. त्यामुळे सारखा ताप यायचा. दोन वर्षं आम्ही नुसती तापाची औषधं पाजत राहिलो, आणि कळलं तोवर डावी किडनी निम्मी गेलेली. डॉ. हेर्लेकरांनी ऑपरेशन करून किडनीकडून येणारी नळी मूत्राशयात नव्याने बसवली. ऑपरेशन झकास झालं. पण भूल उतरताना पोरीने आमचा जीव काढला. श्वास मधेच अडकला, ओठ जांभळे पडले. भूल देणारे डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचाच शर्ट घामाने भिजला होता. "हिला पुन्हा लवकर भूल द्यायची वेळ येऊ नये, एवढं बघा," ते म्हणाले. मला ते वाक्य घरी नेऊन देवापुढे ठेवावंसं वाटलं.

त्यानंतरही गार्गीबाईंनी काही बाकी ठेवलं नाही. आधी ताप चढला. तो उतरला तर पोटात कळा सुरू झाल्या. नळी आत टोचते म्हणून मूत्राशय आवळतं, असं सिस्टर लिसी म्हणायच्या. कळ आली की पोर धनुष्यासारखी वाकायची आणि "मम्मी, नळी काढ, नळी काढ" म्हणून सगळा मजला डोक्यावर घ्यायची. एकदा तर रक्ताची गुठळी अडकून नळीच बंद झाली. पोट टणक झालं. सिस्टरांनी मोठ्या सिरींजने पाणी मारून ती गुठळी काढली, तेव्हा पिशवीत जे लालभडक उतरलं, ते बघून आई भिंत धरून खाली बसली.

"केवढं रगत गेलं गं पोरीचं," ती दिवसभर म्हणत होती. "एवढ्याशा जिवात असतं किती?"

त्यात शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि कुणाचं लक्ष नाही बघून त्यांनी गार्गीला तुपातला शिरा भरवला. पोर भडाभडा ओकली. ओकताना टाक्यांवर ताण आला, रडारड झाली, डॉक्टर आले, चिडले. आणि डॉक्टरांपेक्षा चिडले ते आमचे हे.

रणजित सूतगिरणीत सुपरवायझर. दिवसभर यंत्रांच्या आवाजात बोलून त्यांचा साधा आवाजसुद्धा ओरडल्यासारखाच यायचा, मग खरोखर ओरडले की काय विचारता. "दवाखान्यातल्या जेवणाशिवाय हिच्या तोंडात एक घास कुणी घातला, तर त्याला मी पुढच्या एसटीत बसवून देणार," त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "मग तो कुणी का असेना."

माईंनी मान हलवली. आईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. जावयासमोर माझी आई कधी मान वर करून बोलली नाही. त्यांनी पाणी मागितलं तरी ती तांब्या माझ्या हातात द्यायची.

हळूहळू सगळं थाऱ्यावर आलं. कळा कमी झाल्या. लघवीचा रंग लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा पिवळा झाला, आणि एका संध्याकाळी डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरून बघितली.

"पाण्यासारखी आहे. उद्या नळी काढू."

त्या रात्री मी पहिल्यांदा पाय पसरून झोपले. गार्गीने पण फर्माइशी सुरू केल्या. घरी गेल्यावर लाल फ्रॉक घालणार, पुरणपोळी खाणार आणि शाळेत पट्टी दाखवायचे दहा पैसे घेणार. आमची पोर धंद्याला पक्की.

सकाळी मी तोंड धुऊन आले तर सिस्टर लिसी खाटेजवळ वाकून उभ्या. मी बघितलं. पिशवी लाल झाली होती. गुलाबी नाही, चांगली गडद लाल.

"पोरीला दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही दुखत," गार्गी म्हणाली. "मला भूक लागलीय."

सिस्टर झपाझप बाहेर गेल्या. पाच-दहा मिनिटांत डॉक्टर हेर्लेकर आले. तोवर रणजित खालून चहा घेऊन आले होते, माई गार्गीची वेणी घालत होत्या आणि आई खिडकीपाशी उभी होती. डॉक्टरांनी पिशवी बघितली, नळी बघितली, पोट दाबून बघितलं.

"काल स्वच्छ होती. एकदम एवढं लाल म्हणजे आत टाक्यातून रक्त सुटलंय असंच धरून चालावं लागेल," ते म्हणाले. "पुन्हा गुठळी झाली तर नळी बंद होणार, आणि आत लघवी तुंबली तर केलेलं सगळं काम उसवणार. दुर्बीण घालून बघतो. भूल द्यावी लागेल."

"पुन्हा?" मी म्हणाले.

"इलाज नाही."

मला तिचे जांभळे ओठ दिसायला लागले. हातातला चहा मी कुठे ठेवला ते आजही सांगता येणार नाही. गार्गी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि मी हसायचा प्रयत्न करत होते. ते हसू तिला कसं दिसलं असेल देव जाणे.

दाराशी पोचल्यावर डॉक्टर थांबले. "एक विचारतो. पोरीला लाल काही खायला-प्यायला दिलंत का? बीट वगैरे? काही मुलांची लघवी बिटाने अशी होते. ऑपरेशननंतर तपासणीत थोडं रक्त सापडतंच, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर मला विसंबता येत नाही. पण तसं काही दिलं असेल तर दुपारपर्यंत वाट बघता येईल."

"छे!" रणजित म्हणाले. "कुणाची छाती आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी आईकडे बघितलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते ती आणखी गुंडाळत राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला वाटलं, नातीच्या काळजीने बोलवत नसेल.

"नाही ना?" डॉक्टर वळले. "सिस्टर, थिएटर तयार ठेवा. पोरीला तोंडाने काही देऊ नका."

"मी दिलंय," माई म्हणाल्या.

त्यांच्या हातात गार्गीची अर्धी वेणी तशीच होती.

"काय दिलंय?" डॉक्टर परत आत आले.

"बीट. बिटाचा रस काढून साखर घातली आणि पाजला. काल संध्याकाळी. पेलाभर."

गार्गीने माईंकडे मान वळवली, तोंड उघडलं.

"हलू नकोस," माई म्हणाल्या. "वेणी सुटते. आणि मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजीबाई, तुमच्या या रसापायी मी आत्ता पोरीला भूल देणार होतो. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, घसा फोडून सांगितलं!" रणजितचा आवाज चढला तो चढलाच. "काय गरज होती, माई? कुणाला विचारलंस? पोरीच्या जिवाशी खेळतेस? अक्कल गहाण टाकलीस का? वय झालं म्हणजे वाटेल ते करायचं?"

बाहेरचे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले. मी "अहो, हळू" म्हणाले, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. आमच्या घरात माईंपुढे कुणी आवाज काढत नसे. भावकीतले तंटे मोडायला माणसं त्यांच्याकडे यायची आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून बसायची. ती बाई खाली मान घालून ऐकत होती, आणि तेही कुणासमोर? ज्या विहिणीने ताटात मीठ वाढलं नाही तिच्यासमोर. मला माईंचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ते बघवतही नव्हतं.

"दुपारच्या एसटीने घरी जा तू," रणजित म्हणाले. "आता इथे थांबू नकोस."

"जाते," माई म्हणाल्या. "पोरीचं काय ते कळलं की जाते."

वेणी पूर्ण करून त्यांनी रिबीन बांधली, आपल्या कापडी पिशवीत दोन लुगडी भरली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. डॉक्टरांनी लघवी तपासायला खाली पाठवली आणि गार्गीला भरपूर पाणी पाजायला सांगितलं. मी पाजत राहिले. पोर पेल्यामागून पेले पीत होती आणि दर पेल्याला विचारत होती, "आता भूक लागलीय म्हटलं तर चालेल का?" आई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पिशवीकडे बघत होती, डोळ्यांची पापणी न हलवता. रणजित येरझाऱ्या घालत होते. सगळ्या घराचा जीव त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन बसला होता.

दुपारी रंग फिकटला. नंतर नळीतून जे उतरू लागलं ते जवळजवळ पिवळं होतं. तेवढ्यात रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले.

"ऑपरेशननंतर असतात तेवढ्याच रक्ताच्या पेशी आहेत, जास्त नाहीत. तो रंग बिटाचाच," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले. "थिएटर रद्द. उद्या सकाळी नळी काढू. आणि आता या पोरीला मऊ भात द्या, नाहीतर ती मलाच खाईल."

मी गार्गीच्या पायांवर डोकं ठेवून रडले. अगदी हमसून रडले. रणजितनी भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरलं आणि औषधं आणायला खाली गेले. आई न्हाणीघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"मम्मी," गार्गीने मला हलवलं. "खोटं बोललं की देव पाप देतो ना?"

"देतो. का गं? काय केलंस?"

"मी नाही. माईला देणार का?"

मी डोळे पुसले. "माई काय खोटं बोलली?"

"सरबत आज्जीनं दिलं होतं. गुलाबाचं. आज्जी म्हणाली, हे प्यालं की रगत भरतं, आणि कुणाला सांगायचं नाही. मी सांगणार होते डॉक्टरांना, तर माईनं माझी वेणी ओढली."

मी तशीच उठले.

माई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पाठ ताठ. त्यांना बातमी कळली होती, सिस्टरांनी जाता जाता सांगितली होती.

"माई, तुम्ही दिलाच नव्हता रस," मी म्हणाले.

"हळू बोल."

"तुम्हाला कसं कळलं आईनं दिला ते?"

"सकाळी पेला मीच घासला. तळाला लाल कड होती. विचारलं तर पोरगी म्हणते आज्जीनं गुलाबाचं सरबत दिलं. गुलाबाच्या सरबताला कधी मातीचा वास येतो का?" त्यांनी नाक मुरडलं. "रस गाळून तरी घ्यायचा. चोथा तसाच."

"अहो, पण मग तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? केवढं बोलले ते तुम्हाला! चारचौघांत!"

माईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मलाच दोन शब्द ऐकवतात. पण त्या पदराने नुसता चष्मा पुसत बसल्या.

"रणजित माझ्या पोटचा आहे," त्या म्हणाल्या. "पोरगा आईवर ओरडला तर संध्याकाळी तोच विचारतो, जेवलीस का म्हणून. जावई सासूवर एकदा असा ओरडला असता, तर तुझी आई पुन्हा आमच्या दारात उभी राहिली नसती. आणि तुलाही रणजितला पान वाढताना ते आठवलं असतं. जन्मभर." त्यांनी चष्मा लावला. "ती बोलेल म्हणून मी थांबले होते. तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिकडे डॉक्टर चालला पोरीला भूल द्यायला. मग काय, कुणीतरी बोलायला नको?"

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "काय हे, दवाखान्यात. लोक बघतायत. ऊठ."

मी उठले आणि बघितलं तर दारात आई. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. तोंड धुतलं होतं तरी डोळे सुजलेले दिसत होते. त्याच वेळी जिन्यावर रणजितच्या बुटांचा आवाज आला.

"वैजू," आई मला म्हणाली, "म्या सांगणार पाव्हण्यास्नी. माझं पाप त्यांच्या डोक्यावर नगं. काय बोलायचं ते बोलू द्यात मला."

ती जिन्याकडे निघाली. मी अडवणार, तेवढ्यात माई बोलल्या. मधे गार्गी नव्हती, मी होते, पण त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत.

"विहीणबाई, इकडे या. बसा इथं."

आई जागच्या जागी थिजली. मीही.

"आता सांगितलंत तर मी खाल्लेली बोलणी फुकट जातील," माई म्हणाल्या. "एवढी वर्षं मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. आज घेतलंय, ते वाया घालवू नका. बसा म्हणते ना."

आई जाऊन बाकावर बसली. माईंच्या शेजारी, अंग चोरून. पदर तोंडात कोंबून ती रडत होती आणि माई समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. तक्ता लसीकरणाचा होता.

रणजित औषधांची पुडी घेऊन वर आले. राग उतरला होता, पण अजून पुरता गेला नव्हता. "माई, निघाली नाहीस? एसटी जाईल ना."

माई पिशवी घेऊन उठायला लागल्या. आणि माझ्या आईने त्यांचा हात धरला.

"पाव्हणं," आई म्हणाली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरला नाही. जावयाच्या डोळ्यांत बघून बोलली, जन्मात पहिल्यांदा. "विहीणबाई कुठंबी जायच्या न्हाईत. त्यांना धाडायचं आसंल तर मलाबी त्याच एसटीत बसवा. आन आईला आसं लोकांदेखत बोलत्यात व्हय? माझ्या ल्येकानं मला आसं बोलून दावलं आसतं तर कानाखाली आवाज काढला आसता."

रणजित तोंड उघडं टाकून बघत राहिले. एकदा सासूकडे, एकदा आईकडे. शेवटी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"बरं," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "माई, जेवलीस का तू?"

"नाही अजून."

"आणतो काहीतरी. दोघींना आणतो." आणि पुडी माझ्या हातात देऊन ते आल्या पावली खाली उतरले.

बाकावर दोघी तशाच बसून राहिल्या, आईच्या हातात माईंचा हात. आतून गार्गी भातासाठी ओरडत होती.

"जरा सरकून बसा," माई आईला म्हणाल्या. "लुगडं दाबलंय माझं."

आई सरकली. हात मात्र सोडला नाही.